शपथपत्रात न मावणारी ताकद

सप्रेम आशीर्वाद.

विषमता आणि राजकारण यांचं नातं शोधायचं म्हणून उमेदवारांच्या संपत्तीची यादी करायला घेतलीस, ते बरंच झालं. पण बेरीज मांडण्याआधी शपथपत्राचा नमुना २६, म्हणजे उमेदवारी अर्जासोबत मालमत्ता जाहीर करायचा ठरलेला फॉर्म, नीट वाच. त्यात उमेदवार, जोडीदार, एकत्र कुटुंब आणि अवलंबित यांचे रकाने वेगळे असतात. एकच पाहिलास तर घराचा मोठा भाग सुटतो. सगळे घेतलेस तरी वेगळा कमावता मुलगा त्यात नसतो. जमिनीची खरेदीकिंमत आणि आजची किंमत दोन्ही दिलेल्या असतात, तुलनेला कायम एकच धर. देणी वजा कर. प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न तुटपुंजं आणि मालमत्ता कोटींची दिसली, तर लगेच बोट दाखवू नकोस. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही आणि वडिलोपार्जित जमिनीचा भाव आपोआप वाढतो.

खर्चमर्यादेवर फार वेळ घालवू नकोस. २०२२ पासून विधानसभेला महाराष्ट्रात ४० लाख, गोव्यात २८ लाख. पण ती उमेदवाराला. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

खरी गोम ऊसपट्ट्यात आहे. सहकारी कारखान्याचा अध्यक्ष मालक नसतो. शपथपत्रात दिसलेच तर त्याचे चार शेअर्स दिसतील. पण कुणाचा ऊस कधी तुटायचा, हे त्याच्या कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं.

तोड लांबली की उसाला तुरा येतो, कांडं पोकळ पडतं, वजन घटतं. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर), पैसे मिळतात टनावर. म्हणजे उतारा घटला तर तोटा सगळ्यांत वाटला जातो, वजन घटलं तर ज्याची तोड लांबली त्या एकट्याचा. शिवाय रान वेळेत मोकळं होत नाही, गहू-हरभरा हुकतो.

आता हे मोजायचं कसं? कारखान्याकडे केलेल्या ऊसनोंदीची तारीख, तोडीची तारीख, काट्याची पावती, क्षेत्र आणि शेत रस्त्याला आहे की आत, एवढं टिप. तारखा सरसकट लावू नकोस, इथेच बहुतेकांचं चुकतं. आडसालीची (पावसाळ्यात लावलेल्या, दीड वर्षाच्या उसाची) तुलना आडसालीशी, खोडव्याची (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची) खोडव्याशी. कोसी ६७१ ही उसाची जात लवकर पक्व होते, तिला को ८६०३२ या जातीशेजारी बसवलंस तर नसलेला पक्षपात दिसेल.

अर्ध्या एकराचा ऊस मागे राहिला म्हणजे कुणी डूख धरलाच असं नाही. तोडणीच्या टोळीला आणि ट्रॅक्टरवाल्याला रस्त्याकडेचा मोठा फड परवडतो. आतल्या तुकड्यासाठी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, मागतात. ज्याला ती देणं जमत नाही, तो चिटबॉयकडे (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे) खेटे घालतो, तिथे नाही झालं तर गावातल्या कार्यकर्त्याकडे जातो. कार्यकर्त्याचा एक फोन गेला की टोळी येते. नियमाने मिळायची ती तोड मग उपकार होऊन बसते, आणि पुढच्या निवडणुकीत त्याची आठवण करून द्यायला कुणाला पाकीट वाटावं लागत नाही. म्हणून प्रत्येक प्लॉटपुढे एक रकाना वाढव: तोड येण्याआधी शब्द कुणी टाकला?

ही माहिती निवडणुकीच्या धामधुमीत विचारू नकोस, खरं उत्तर मिळणार नाही. हंगाम संपल्यावर, उसाची बिलं जमा झाली की जा. कायद्याने ती ऊस घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवीत. मिळाली का, तेही विचार. सुरुवातीला एका गावातले ३० प्लॉट पुरेत. वहीत शेतकऱ्याचं नाव नको, फक्त क्रमांक. पुढच्या वर्षीही त्याला त्याच चिटबॉयकडे जायचं आहे.