भात उकळला, तरी जंतू उरले कसे?

प्रश्न: आमच्याकडे भात पातेल्यात शिजवतात, चांगला रटरटून. रात्री उरला की ओट्यावरच झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात. परवा तो खाऊन मुलाला दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. सासूबाई म्हणतात, उकळलाय, वर फोडणीत परतलाय, जंतू राहतीलच कुठून? – एक वाचक, लालबाग

उत्तर: सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, जागे असलेले जंतू उकळल्यावर मरतातच, घोळ झोपलेल्यांचा आहे. मुलाला नेमकं कशाने झालं ते पत्रावरून सांगता येत नाही, पण तुमचं वाचून पहिला संशय येतो तो बॅसिलस सेरेयसवर. हा मातीतला जंतू, तांदळाबरोबर शेतातूनच येतो. खायला मिळेनासं झालं की हा पठ्ठ्या स्वतःच्या पोटातच बीजाणू, म्हणजे आपलंच झोपलेलं, टणक रूप, बनवायला घेतो, सात-आठ तास लागतात, आत डीएनएची एक कॉपी, तिला चिकटून बसलेली छोटी प्रोटीन्स, पाणी बरंचसं बाहेर काढलेलं आणि कॅल्शियमसोबत डायपिकोलिनिक ॲसिड नावाचं, उष्णतेत टिकायला मदत करणारं रसायन ठासून भरलेलं, वरून कवचाचे थर. मग बाकीची पेशी फुटते आणि बीजाणू मोकळा. खाणं नाही, वाढ नाही, वर्षानुवर्षं नुसता पडून! उकळून मरत नाही, सॅनिटायझरलाही दाद देत नाही, म्हणून साबणाने हात धुवा म्हणतात.

१८७७ मध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने यावर युक्ती काढली होती. एकदा उकळायचं, दिवसभर तसंच ठेवायचं म्हणजे बीजाणू उगवून साधे जंतू होतात, की परत उकळायचं, असं लागोपाठ तीन दिवस. तुमच्या ओट्यावर त्यातलं निम्मंच होतं, म्हणजे उकळून त्यांना जागं केलं आणि वर रात्रभर मुंबईच्या उकाड्यात वाढूही दिलं. त्यात ते जे विष सोडतात ते फोडणीच्या आचेने जात नाही, जंतू मेले तरी विष तसंच, आणि भाताला वास येईलच असंही नाही.

कुकरमध्ये उष्णता जास्त, त्यामुळे कमी उरतात, पण त्या भरवशावर राहू नका. उरलेला भात परातीत पसरून वाफ जाऊ द्या, तासाभरात उथळ डब्यातून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर बाहेर राहिला असेल तर जिवावर येतं खरं, पण टाकून द्या. आणि मुलाच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर आमच्या उत्तराची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.