दुसऱ्या महायुद्धात इराण तटस्थ होता, मग दोस्त राष्ट्रांनी तो का व्यापला? तिथलं सरकार टिकलं का?

कारण सांगितलं गेलं ते इराणमधल्या जर्मन तंत्रज्ञांचं. खरी निकड होती इराणच्या दक्षिणेतल्या आबादान शहरातलं तेल आणि रशियाला रसद पोहोचवणाऱ्या वाटेची. 25 ऑगस्ट 1941 ला उत्तरेकडून सोव्हिएत आणि दक्षिण-पश्चिमेकडून ब्रिटिश फौजा घुसल्या. ब्रिटिश बाजूने लढणाऱ्यांत हिंदुस्थानी सैनिक मोठ्या संख्येने होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. इराणी सैन्याने काही दिवसांतच शस्त्रं ठेवली.

सरकार टिकलं, पण रझा शाह टिकला नाही. 16 सप्टेंबरला त्याने मुलासाठी, मोहम्मद रझासाठी, गादी सोडली. त्याला आधी मॉरिशसला, मग दक्षिण आफ्रिकेत नेलं. 1944 मध्ये तो तिथेच वारला.

पंतप्रधान फोरुघी यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. देश परक्या फौजांनी भरलेला असताना त्यांनी ब्रिटन आणि सोव्हिएत संघाशी जानेवारी 1942 चा त्रिपक्षीय करार केला. त्यात इराणचं सार्वभौमत्व मान्य झालं आणि युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत फौजा काढून घेण्याचं वचन मिळालं. हरलेल्या देशाने एवढं लिहून घेणं साधं नव्हतं.

सामान्य माणसाचे मात्र हाल झाले. धान्यटंचाई आणि महागाईने लोक पिचले. डिसेंबर 1942 मध्ये तेहरानमध्ये पावासाठी दंगल उसळली.

सप्टेंबर 1943 मध्ये इराणने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटिश मुदतीत निघाले, सोव्हिएत फौजा मात्र मे 1946 पर्यंत हलल्या नाहीत.