वाचकांना रंगवायला पानं देताना

प्रश्न : मी नागपूरच्या मारबतीच्या (काळ्या आणि पिवळ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीवर काळी-पांढरी वेब-चित्रकथा करते. ए-४ कागदावर पेनाने काढायचं, मोबाइलने फोटो घ्यायचा आणि टाकायचं, असं चाललंय. वाचक म्हणतात, पानं आम्हाला रंगवायला द्या. आहेत त्याच जेपीजी दिल्या तर चालेल का?
– एक वाचक, महाल

उत्तर : नका देऊ. जेपीजीत रेषेच्या कडेला बारीक राखाडी कचरा साचतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण बादलीने (मोकळा भाग एका झटक्यात भरणाऱ्या अवजाराने) रंग ओतला की त्यातला ठिपका न् ठिपका कोरा राहतो. फोटोत आणखी एक अडचण : कागदाचा एक कोपरा उजळ, दुसरा काळपट, त्यामुळे पूर्ण पांढरं कुठेच सापडत नाही.

पान फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये म्हणजे करड्या छटांत घ्या. लेव्हल्समध्ये (उजळ-गडद ठरवायच्या सेटिंगमध्ये) कागद पूर्ण पांढरा आणि शाई पूर्ण काळी होईल इतकं ताणा, मात्र रेषेच्या कडेचं थोडं राखाडी राहू द्या. तेही घालवलं तर रेषा दातेरी होते. मग जिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर टू अल्फा’ने पांढरा उडवा, म्हणजे पारदर्शक पानावर फक्त रेषा उरेल. मूळ ६०० डीपीआयची फाइल स्वतःजवळ ठेवा आणि वाचकांना ३०० डीपीआयची पीएनजी (पारदर्शकपणा टिकवणारी फाइल) द्या. ए-४ पान तेव्हा २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं आणि स्क्रीनवरच्या रंगकामाला ते भरपूर आहे.

संवाद मात्र पानासोबत देऊ नका. फुगे रिकामे ठेवा आणि अक्षरं शेवटी तुम्हीच बसवा. टाइप केलेला देवनागरी मजकूर लेयरसकट (चित्रावरच्या वेगळ्या थरासकट) दिला, तर समोरच्याकडे फॉन्ट नसतो किंवा त्याचं सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडून ठेवतं. छटेसाठी ठिपक्यांचा टोन वापरला असेल तर टोनशिवायचं पान द्या. बादली प्रत्येक ठिपक्यापाशी अडते, आणि पान लहान केल्यावर ठिपक्यांतून लाटांसारखी नक्षी उमटते ती वेगळीच.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलीत की वरची सगळी मेहनत पाण्यात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या.

प्रश्न : मी मोबाइलवर आयबिस पेंटमध्ये अशी पानं रंगवतो. बादलीने रंग भरला की रेषेलगत पांढरी किनार राहते.
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : तुम्ही रेषेच्याच लेयरवर रंग ओतत असणार. रेषेची कड गुळगुळीत दिसते ती राखाडी पिक्सेलांमुळे. बादली त्यांना रेषाच समजते आणि अलीकडेच थांबते. म्हणून रेषेचा लेयर सर्वांत वर ठेवा आणि त्याखाली नव्या लेयरवर रंग भरा. बादलीच्या सेटिंगमध्ये विस्तार २ ते ३ पिक्सेल ठेवा, म्हणजे रंग रेषेच्या पोटाखाली सरकतो. पान पांढऱ्या पार्श्वभूमीसकट आलं असेल तर आयात करताना अ‍ॅप रेषा वेगळी काढायची का असं विचारतं, तिथे होकार द्या. तेही जमलं नाही तर रेषेचा लेयर ‘मल्टिप्लाय’वर टाका, म्हणजे त्यातला पांढरा दिसेनासा होतो.

संगणक असेल तर क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या ‘कलराइज मास्क’मध्ये प्रत्येक भागावर रंगाचा एकेक फटकारा मारला की बाकीचं ते भरून काढतं, रेषेत फट असली तरी रंग सहसा बाहेर सांडत नाही.

पांढऱ्या वस्तूंनाही पांढरा भरायचा असतो, हे हमखास राहून जातं. दीक्षाभूमीचा स्तूप कोरा सोडला की तो पारदर्शक राहतो आणि डार्क मोडमध्ये काळा दिसतो.

प्रश्न : आठ जणांनी आठ पानं रंगवली. एकाची काळी मारबत निळी, दुसऱ्याची इतकी काळी की नाक-डोळेच दिसेनात. नायिकेच्या ओढणीचे तीन रंग झाले. आता काय?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : आता दुरुस्तीच. पुढच्या खेपेला मात्र पानासोबत रंगपट्टी द्या : बारा-पंधरा चौकोन, प्रत्येकाखाली नाव आणि आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५) आकडे. पिवळ्या मारबतीला २४०, १९०, ४० असं काहीतरी ठरवून टाका. काळ्या मारबतीला शुद्ध काळा देऊ नका, कारण रेषाही काळीच आहे आणि ती आत बुडते. अंगाला ७०, ६६, ८४ सारखा जांभळट करडा द्या. अंग अगदी काळंच हवं असेल, तर रेषेचा लेयर ‘अल्फा लॉक’ करून (म्हणजे रंग रेषेबाहेर जात नाही) आतल्या रेषा फिकट करा.

प्रत्येक चौकटीची वेळ आणि उजेडाची दिशाही लिहून द्या. दुपारची सावली आखूड, पायाशी, संध्याकाळची लांब. रंग थोडा इकडेतिकडे झाला तर वाचक चालवून घेतो, सावली उलटी पडली की त्याला खटकतं. गाव माहीत नसलेल्यांसाठी फोटोही जोडा, नाहीतर मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनच्या स्टेशनावर नारिंगी पट्टी येते आणि आंबिया बहाराचा हिरवट संत्रा भगवा होऊन जातो.

आमच्या मते खुली स्पर्धा ठेवूच नये. एकाच पानावर वीस जण तुटून पडतात आणि अवघड पानं तशीच राहतात. पानं वाटून द्या. पहिल्यांदा फक्त सपाट रंग मागवा, ते तपासून झाल्यावरच छटा.

प्रश्न : रंगीत पानांचं पुस्तक छापायचं आहे. वाचकांची परवानगी लागते का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : लागते, आणि लेखी. चित्रकथा तुमची असली तरी त्या रंगकामावर तुम्हाला आपोआप हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर तो ५ वर्षांचा आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो. म्हणून पान देण्याआधीच ईमेलवर होकार घ्या : वेब, छापील पुस्तक, जगभर, किती वर्षं, मानधन आहे की नाही, आणि नाव कुठे छापणार. १८ वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालकांचा होकार घ्या. अल्पवयीनाने केलेला करार कायद्यात टिकत नाही.

छापखान्याला सगळे लेयर एकत्र केलेली आरजीबी फाइल देऊ नका. सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईंत) बदलताना काळी रेषा चारही शाईंत विभागली जाते, आणि प्लेट केसभर सरकली तरी तिच्याभोवती रंगीत झालर दिसते. रंग ३०० डीपीआयमध्ये आणि त्यावर तुमची ६०० डीपीआयची रेषा फक्त काळ्या शाईत, ‘ओव्हरप्रिंट’ (खालच्या रंगावरच छापणं) लावून, असं द्या. भडक नारिंगी आणि गडद निळा कागदावर हमखास मंदावतात, तेव्हा एका पानाचा प्रूफ काढून तो दिवसाच्या उजेडात पाहा आणि मगच बाकीची पानं सोडा.