पहिल्यांदाच 'मेम्ब्रा येसू नोस्त्री' गाणाऱ्या मैत्रिणीला

बुक्सटेहुडे या सतराव्या शतकातल्या संगीतकाराची ही रचना 1680 ची. येशूचे पाय, गुडघे, हात, कूस, छाती, हृदय, चेहरा अशा सात अंगांवर सात कँटाटा, म्हणजे वाद्यांच्या साथीने गायच्या रचना. आवाज पाचच. प्रत्येक आवाजाला एकेकच गायक असला, तर तुझा श्वास कुठे तुटतो ते सगळ्यांना ऐकू येतं. म्हणून श्वासाच्या जागा आजच पेन्सिलीने लिहून ठेव.

सुरुवात पहिल्या कँटाटापासून करू नकोस, तिसरा घे. 'क्विद सुंत प्लागाए इस्ताए', तुझ्या हातांवरच्या या जखमा कसल्या? 'प्लागाए' म्हणजे जखमा; या शब्दावर आवाज एकमेकांना घासतात. नवखा गायक तिथे बिचकून सूर सैल सोडतो. सोडू नकोस गं! टोचणारा सूर पूर्ण धर, मगच उतर. ती टोचणी म्हणजेच जखम आहे. घरी तानपुरा लावून तेवढ्या ओळी संथ घोट, शेजारचा सूर कानाला खुपला तरी आपला हलू द्यायचा नाही.

लॅटिन शब्दांचा अर्थ आधी वहीत उतरव, स्वरलिपी नंतर.

सहाव्यात, हृदयाच्या कँटाटात, फक्त दोन सोप्रानो (सगळ्यांत उंच आवाज) आणि बास (सगळ्यांत खालचा) गातात, सोबतीला पाच व्हायोल, गजाने वाजवायची जुनी तंतुवाद्यं. तिथे आवाज मोठा करायचा मोह होईल. मला तो भाग जवळजवळ कुजबुजल्यासारखा गायलेलाच आवडतो.