आखाजीची मागणी आणि एक्सेलचा अंदाज

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील चोपडा गावी आमचे किराणा दुकान आहे. गूळ आणि हरभरा डाळ यांच्या तीन वर्षांच्या मासिक विक्रीवरून एक्सेलने काढलेला आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) अंदाज चुकतो. असे का होते?

उत्तर : एक्सेल 2016 पासून मिळणारी ‘फोरकास्ट शीट’ ही सोय ठरावीक अंतराने परत येणारे चढउतार शोधते, आखाजी मात्र तिथीने येते. 2024 मध्ये ती 10 मे रोजी, तर 2025 मध्ये 30 एप्रिलला होती. त्यामुळे पुरणपोळीसाठीची खरेदी एका वर्षी बरीचशी मे महिन्यात आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नोंदली गेली. आपण विक्री आठवड्यानुसार मांडावी, सणाआधीच्या दोन आठवड्यांतील जादा विक्री वेगळ्या स्तंभात काढावी, उरलेल्या आकड्यांवर अंदाज घ्यावा आणि येत्या तिथीप्रमाणे ती वाढ त्यात पुन्हा मिळवावी. ‘सीझनॅलिटी’च्या (चढउतार किती नोंदींनी परत येतात त्याच्या) चौकटीत 52 हा वर्षातील आठवड्यांचा आकडा स्वतः भरावा.

याहून महत्त्वाची गोष्ट वहीत दिसत नाही. डाळ संपल्यामुळे गिऱ्हाईक परत गेले, तर विक्री घटते, मागणी नव्हे. अशा दिवसांची खूण केलेली नसेल, तर कोणतेही सूत्र ती उणीव भरून काढू शकत नाही, म्हणून ही नोंद आजपासूनच सुरू करावी.