चाड सरोवरावर काम सुरू करण्यापूर्वी

तुम्ही संशोधनासाठी आफ्रिकेतील चाड सरोवराचा विषय निवडलात हे चांगले झाले. मात्र ‘आटत चाललेले सरोवर’ हे गृहीत धरून आराखडा लिहू नका. 1960च्या दशकात सुमारे 25,000 चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी 1970 आणि 1980च्या दशकांतील दुष्काळांत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आले हे खरे असले, तरी 1990च्या दशकापासून ते काही प्रमाणात सावरले आहे, आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

उपग्रहचित्रे हाताळताना विशेष जपा. सरोवराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग (कुंडे) आहेत; त्यांपैकी दक्षिण कुंडातील बरेचसे पाणी पाणवनस्पतींखाली झाकलेले असते, त्यामुळे केवळ उघडे पाणी टिपणारा निर्देशांक (चित्रातून पाणी ओळखण्याचे सूत्र) वापरलात तर सरोवर प्रत्यक्षाहून लहान दिसेल (याच चुकीपायी माझे दोन महिने वाया गेले होते). शिवाय चित्रांचे महिनेही जुळवून घ्या, कारण बहुतांश पाणी आणणाऱ्या शारी आणि लोगोन नद्यांचा पूर दूर दक्षिणेतील पावसानंतर सावकाश पोहोचतो आणि दक्षिण कुंडाची पातळी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सर्वाधिक असते. एका वर्षीचा जानेवारी आणि दुसऱ्या वर्षीचा जून शेजारी ठेवून काढलेला कल मला तरी मान्य होणार नाही.

उत्तर कुंडाचे आकडे वेगळेच ठेवा. ते काही वर्षी पुरते कोरडे पडते.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत मका आणि चवळी पिकते. तेव्हा मासेमार, शेतकरी आणि गुराखी यांच्याशी बोलल्याशिवाय पाणी ओसरण्यातला नफा-नुकसान ठरवू नका.