मोफत कायदा सल्ला केंद्राच्या विश्वस्त मंडळावर वकील नसलेल्या माणसाने जावं का?

तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, ठाण्यातल्या एका मोफत कायदा सल्ला केंद्राने तुम्हाला विश्वस्त म्हणून यायला सांगितलंय आणि कायद्याचा गंध नसताना तिथे जाऊन काय करणार, असा तुमचा प्रश्न आहे. माझं म्हणणं, जरूर जा. फक्त लोकांच्या केसेस सोडवायला जाऊ नका. ते वकिलांचं काम.

मी सात वर्षं वागळे इस्टेट भागातल्या अशाच एका छोट्या केंद्राची खजिनदार आहे. माझी नोकरी विमा कंपनीत झाली, वकिलीशी संबंध नाही. केंद्र म्हणजे एक खोली, दोन टेबलं, बाहेर एक बाक आणि एक लोखंडी कपाट. शनिवारी दुपारी वकील बसतात. घरकाम करणाऱ्या बायका येतात, रिक्षावाले येतात, कारखाना बंद पडल्यावर हिशेब न मिळालेले कामगार येतात. किसननगरकडचे लोक क्लस्टरच्या, म्हणजे जुन्या इमारतींच्या सामूहिक पुनर्विकासाच्या, करारनाम्याचे कागद घेऊन येतात. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घालून घालून फाटायला आलेले झेरॉक्स.

निम्मं काम वाट दाखवण्याचंच असतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कोठडीत असलेल्यांनाही मिळतो. दारात येणाऱ्या बहुतेक बायकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. आमच्याकडे अर्ज भरून द्यायचा आणि ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायचं, एवढ्यानेही पुष्कळ होतं. 15100 हा हेल्पलाइनचा नंबर आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय.

आता मंडळाचं काम. माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे नेमकं कळेल. पहिल्याच वर्षी हिशेबासाठी मी नोंदवही चाळत होते. त्यात आमच्याच इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या बाईचं नाव दिसलं, पुढे लिहिलेलं 'कौटुंबिक हिंसाचार'. दोन दिवसांनी ती लिफ्टपाशी भेटली. मी अगदी काळजीने विचारलं, "अगं, काय झालं तुझ्या त्या प्रकरणाचं?" शेजारच्या वहिनी बाजूलाच उभ्या होत्या. ती खाली बघत म्हणाली, "काही नाही ताई," आणि जिन्याने निघून गेली. पुढच्या शनिवारी वकील मॅडम तिचे कागद काढून सहा वाजेपर्यंत बसून होत्या. ती आली नाही. नंतरही कधी आली नाही. आमच्या इमारतीतलं कामसुद्धा तिने सोडलं.

त्यानंतरच्या बैठकीत मी स्वतः ठराव मांडला, की विश्वस्तांना नावं दिसणार नाहीत. आम्हाला फक्त आकडे येतात: महिन्यात किती आले, कुठल्या प्रकारचं काम, किती पुढे पाठवले, किती अडकलेत. कपाटाची चावी समन्वयक आणि वकिलांकडेच. एका देणगीदाराला चेकच्या बदल्यात 'लाभार्थी महिलां'चे फोटो हवे होते, तेव्हा हाच ठराव कामी आला. आम्ही नाही म्हटलं. तो पैसा गेला, वकिलांच्या प्रवासखर्चासाठी दोन महिने आम्ही आपापसात वर्गणी काढली. पण त्या निर्णयावर मंडळात एकाचंही दुमत नव्हतं.

तुमचा खरा उपयोग कागदांत आहे. विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात) द्यावा लागतो. आमच्या आधीच्या मंडळाने तो दिलाच नव्हता. परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, जुनीच नावं, त्यातले एक गृहस्थ वारलेले. बँकेने नव्या सह्या घ्यायला नकार दिला, नियमाने बरोबरच होतं ते, पण समन्वयक मुलीचा पगार दोन महिने अडकला. घरभाडं भरणारी मुलगी ती. शेवटी मीच कोर्टनाक्याजवळच्या एका वकिलांना गाठून कागद पुरे केले. असले अर्ज कसे अडतात आणि कसे सुटतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

म्हणून हो म्हणण्याआधी संस्थेची घटना (नियमावली), परिशिष्ट 1 चा उतारा आणि तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. मंडळावर कोण कोण आहे तेही बघा. बिल्डर किंवा त्याचा माणूस असेल आणि केंद्रात भाडेकरू येत असतील, तर तशा विषयाच्या वेळी तो बैठकीतून उठतो का, हे सरळ विचारा. ठाण्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

वेळ म्हणाल तर महिन्याला एक बैठक, मार्च ते सप्टेंबर हिशेबाची धावपळ. मानधन नाही, बसभाडंही आपलंच.

आणि ठरवण्याआधी एका शनिवारी न सांगता जा, बाहेरच्या बाकावर तासभर बसा. आत जाऊ नका, कोणाला काही विचारू नका. आलेल्या माणसाला पाणी विचारलं जातं का, आत काय बोलणं चाललंय ते बाहेर ऐकू येतं का, एवढंच बघा. ऐकू येत असेल, तर पहिल्या बैठकीत पडद्याऐवजी दरवाजा बसवायचा विषय तुम्हीच काढा. आमच्याकडे त्याला चार वर्षं लागली.